आप्पांच्या रिपोर्टमधली दोन नावं

निपाणीजवळच्या एका गावातून आलेलं पत्र, थोडं आखडून :

"डॉक्टरबाई, माझे आप्पा ६६ वर्षांचे. उभा जन्म तंबाखूच्या वखारीत हमाली केली, घरची अर्धा एकर जमीनही कसली. यंदा त्यांना दम लागायला लागला, हिमोग्लोबिन ७ वर आलं. बेळगावात बोन मॅरो, म्हणजे हाडातला मगज काढून तपासला तर एमडीएस, म्हणजे मॅरोत रक्त नीट तयार न होण्याचा आजार निघाला. नमुना बेंगळुरूला पाठवला होता, तिथून आलेल्या रिपोर्टमध्ये 'डीएनएमटी-३ए' आणि 'टेट-२' या दोन जीनमध्ये म्युटेशन आहे असं लिहिलंय. झेरॉक्स जोडली आहे. डॉक्टर चांगले आहेत, पण गर्दीत पाच मिनिटं मिळतात आणि ते कानडी-इंग्रजीत भराभर सांगतात. अझासायटिडीन इंजेक्शनच्या दोन सायकल झाल्या, रक्त वाढलं नाही. आप्पा म्हणतात, पुरे करा आता, माझ्या विडीचं फळ मीच भोगतो. एका नातेवाइकांनी 'जीन दुरुस्त करणारी' पावडर आणून दिलीय, महिन्याला चार हजारांची. आणि आणखी एक. गडहिंग्लजला माझी सोयरीक ठरत आली होती. त्यांच्या कानावर 'जीनमध्ये दोष' एवढंच गेलं. आता ते माझी डीएनए टेस्ट मागताहेत. करू का?"

पोरी,

सोयरिकीचं तू सगळ्यात शेवटी लिहिलंस, तरी तेच तुला रात्री झोपू देत नसणार. म्हणून आधी त्याचं सांगते. टेस्ट करू नकोस. तिची गरज नाही, आणि का नाही ते तुला त्या लोकांना समजावून सांगता यावं म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आप्पा जन्मले तेव्हा हे दोन बदल त्यांच्या अंगात नव्हते. ते नंतर झाले, बहुधा उतारवयात, आणि तेही फक्त मॅरोमधल्या एखाद्या मूळपेशीत, म्हणजे जिच्यापासून रक्त तयार होतं त्या पेशीत. त्या एका पेशीची पिलावळ वाढत गेली आणि आज आप्पांच्या रक्तात तिचंच राज्य आहे. तू जन्मलीस ती आप्पांच्या रक्तातून नव्हे. 'रक्ताचं नातं' हा आपला बोलण्यातला शब्द, शरीराचा कारभार निराळा. मॅरोत झालेला बदल मुलाबाळांत उतरत नाही.

हे मी कशावरून म्हणते, ते झेरॉक्सवर तूच पाहा. दोन्ही नावांपुढे व्हीएएफ म्हणून टक्केवारी दिली आहे, म्हणजे तपासलेल्या शंभर प्रतींपैकी किती बदललेल्या निघाल्या तो आकडा. डीएनएमटी-३ए समोर ३१, टेट-२ समोर १२. प्रत्येक पेशीत या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक वडिलांकडची. दोष आईबापांकडून आलेला असता तर तो अंगातल्या एकूण एक पेशीत, दोनपैकी एका प्रतीत असता आणि आकडा पन्नासच्या आसपास दिसला असता. ३१ चा अर्थ असा, की तपासलेल्या शंभर पेशींपैकी साधारण बासष्ट पेशींत एक प्रत बदललेली आहे आणि बाकीच्या पेशी धड आहेत. १२ म्हणजे साधारण चोवीस पेशी. बहुधा आधी एक बदल झाला, मग त्याच पिलावळीतल्या एका फांदीत दुसरा झाला, असा अंदाज त्या दोन आकड्यांवरून बांधता येतो. एवढ्यावरही डॉक्टरांना शंका वाटली तर ते आप्पांच्या त्वचेचा किंवा नखाचा नमुना तपासतील, कारण त्यात रक्ताचा दोष दिसत नाही. एमडीएसमध्ये क्वचित घराण्यातून येणारे दोषही असतात, डीडीएक्स-४१, रनएक्स-१, गाटा-२ अशा जनुकांतले. तुझ्या झेरॉक्समध्ये ती तिन्ही तपासलेली आहेत आणि तिन्ही स्वच्छ आहेत.

गडहिंग्लजच्या माणसांना आणखी एक गोष्ट सांग. सत्तरी ओलांडलेल्या धडधाकट माणसांचं रक्त तपासलं, तर दहातल्या जवळपास एकाच्या रक्तात असे बदल सापडतात. हे २०१४ साली मोठ्या प्रमाणावर रक्तं तपासल्यावर कळलं, आणि त्यात सगळ्यांत जास्त वेळा सापडणारी नावं हीच दोन आहेत. त्यातल्या बहुतेकांना रक्ताचा कॅन्सर कधीच होत नाही. त्या घरातल्या आजोबांच्या रक्तातही ही नावं सापडू शकतील, आणि त्यावरून कुणी त्यांच्या नातवाला नाकारणार नाही.

आता ही दोन जनुकं करतात काय, ते सांगते. तुम्ही जमीनवाले, म्हणून उताऱ्यावरून समजावते. सोसायटीचं कर्ज काढलं की उताऱ्यावर बोजा चढतो. शेतातलं एक ढेकूळही हललेलं नसतं, तरी बोजा असेपर्यंत ती जमीन विकता येत नाही. कर्ज फिटलं की बोजा कमी होतो. आणि भावाभावांत वाटणी झाली की नवे दोन उतारे तयार होतात, तेव्हा जुना बोजा तलाठ्याला दोन्हींवर लिहावा लागतो. राहिला तर घोटाळा.

पेशीतलं डीएनए म्हणजे ती जमीन. डोळ्याच्या पेशीत, काळजाच्या पेशीत, रक्ताच्या पेशीत तीच सुमारे वीस हजार जनुकं. तरी डोळा डोळाच राहतो, कारण कुठल्या पेशीत कुठलं जनुक बंद ठेवायचं याच्या नोंदी वेगळ्या असतात. मिथाइल नावाचा एक चिमुकला रासायनिक गट डीएनएला चिकटवणं, ही त्यातली एक मोठी नोंद. ती करायला, नकलून घ्यायला आणि पुसायला पेशीत जनुकांच्या हुकमाने बनणारी विकरं असतात, ज्यांना रिपोर्टमध्ये एन्झाइम म्हणतात. डीएनएमटी-३ए नवा बोजा चढवतं. पेशी दुभंगून दोन झाल्या की जुना बोजा दोन्हीकडे नकलणारं डीएनएमटी-१. आणि टेट-२ बोजा कमी करणारं. टेट विकरं हे काम करतात हे २००९ साली अंजना राव, ममता ताहिलियानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, म्हणजे ही समज तशी अलीकडचीच. डीएनएची अक्षरं न बदलता नोंदी बदलण्याच्या या साऱ्या प्रकाराला एपिजेनेटिक्स म्हणतात. शब्द जुना आहे, कॉनराड वॉडिंग्टन यांनी १९४२ मध्ये घडवलेला. पण कॅन्सरशी त्याचं नातं दिसायला १९८३ उजाडावं लागलं. त्या वर्षी अँड्र्यू फाइनबर्ग आणि बर्ट व्होगेलस्टाइन यांनी आतड्याच्या गाठीतलं डीएनए शेजारच्या निरोगी भागातल्या डीएनएशी ताडून पाहिलं, तर गाठीत नोंदी कितीतरी ठिकाणी पुसट झालेल्या निघाल्या. पुढे उलटंही दिसलं. पेशीला लगाम घालणारी जी जनुकं उघडी असायला हवीत, नेमक्या त्यांच्याच दाराशी बोजा चढलेला. एकाच पेशीत दोन्ही तऱ्हेचा अंधार.

आप्पांच्या बाबतीत काय झालं असावं? मूळपेशीला दोन कामं असतात. आपल्यासारखी दुसरी मूळपेशी घडवणं, आणि वेळ आली की ते थांबवून पिकणं, म्हणजे तांबडी पेशी, पांढरी पेशी, प्लेटलेट होणं. पिकायचं तर 'आपल्यासारखीच आणखी घडव' म्हणणारी जनुकं बंद व्हावी लागतात. ती बंद करायला डीएनएमटी-३ए लागतं. पिकवणारी जनुकं उघडायला टेट-२ लागतं. एकाने दार लावलं नाही, दुसऱ्याने दार उघडलं नाही, आणि दोन्हीकडून पेशी कच्चीच राहिली. बोजा चढवणारं मोडलं तरी तोच आजार आणि कमी करणारं मोडलं तरी तोच, हे कोडं मला स्वतःला फार वर्षं उलगडत नव्हतं.

मी आयुष्यभर बेळगावात सूक्ष्मदर्शकाखाली मॅरोच्या काचा पाहिल्या. एमडीएसची काच पहिल्यांदा बघणारा शिकाऊ डॉक्टर हमखास गोंधळतो. रक्तात पेशी कमी म्हणून तपासायला घेतलेला मॅरो पेशींनी गच्च भरलेला असतो. जवळून पाहिलं की कळतं. पांढऱ्या पेशीचं केंद्रक तीन-चार पाकळ्यांचं असायला हवं, तिथे नुसते दोन गोळे आणि मध्ये एक बारीक दोरा, नाकावर अडकवायच्या जुन्या चष्म्यासारखे. तांबड्या पेशींच्या पिलांची केंद्रकं वेडीवाकडी, कुठे कंगोरे फुटलेली. शाळूचं ताट पुरुषभर उंच, कणीस टपोरं, आणि हातावर चोळलं तर पोचट. दाणा भरलाच नाही. त्या पोचट पेशी मॅरोतच मरतात आणि आप्पांना जिना चढताना दम लागतो.

आता इंजेक्शनांचं. तुला कदाचित वाटेल, बोजा चढवणारंच विकर बिघडलंय, मग बोजा रोखणारं औषध कशाला? शंका रास्त आहे. अझासायटिडीन डीएनएमटी-३ए दुरुस्त करत नाही. ते डीएनएमधल्या एका अक्षरासारखं दिसतं, म्हणून पेशी दुभंगताना आपली नक्कल करते तेव्हा तिला फसवून आत शिरतं. मग नोंदी नकलणारं डीएनएमटी-१ तिथे बोजा लिहायला येतं आणि त्या खोट्या अक्षराला चिकटून बसतं, सुटतच नाही. पेशी ते अडकलेलं विकर मोडून टाकते. नकलणारा तलाठीच नाही म्हटल्यावर प्रत्येक वाटणीला नव्या उताऱ्यावरचा बोजा विरळ होत जातो आणि दाबून ठेवलेली काही जनुकं पुन्हा बोलू लागतात. काही रोगट पेशी त्या गोंधळात मरतात, काही पिकायला लागतात. शिवाय आपल्या डीएनएत पुरातन विषाणूंचे अवशेष गाडलेले असतात. बोजा उतरला की तेही जागे होतात आणि पेशी विषाणू शिरल्यासारखी प्रतिकाराला उठते, असं २०१५ साली दिसलं.

हे औषध मुळात प्रागच्या रसायनशास्त्रज्ञांनी १९६०च्या दशकात बनवलं. तेव्हा ते पेशी मारणारं विष म्हणून भरमसाट मात्रेत देत आणि रोगी हैराण होत. १९७०च्या दशकात पीटर जोन्स आणि त्यांचे सहकारी उंदराच्या पेशींवर त्याचे प्रयोग करत होते. काही दिवसांनी बशीतल्या साध्या पेशींचे स्नायू झालेले दिसले, आणि ते आकुंचन पावत होते. अक्षर एकही बदललं नव्हतं. १९८० मध्ये जोन्स आणि शर्ली टेलर यांनी दाखवलं की यामागे मिथाइलच्या पुसलेल्या नोंदी आहेत. मग कमी मात्रेत, धीराने देण्याची रीत आली आणि २००४ साली अमेरिकेत एमडीएससाठी त्याला मान्यता मिळाली.

धीराने, हा शब्द आप्पांना दोनदा वाचून दाखव. पेशी दुभंगेल तेव्हाच औषध तिच्या डीएनएत शिरतं. सगळ्या पेशी एकाच आठवड्यात दुभंगत नाहीत, म्हणून तर २८ दिवसांतले सात दिवस, पुन्हा पुन्हा. गुण दिसायला चार ते सहा सायकली लागतात. पहिल्या दोनांत आकडे उलट खाली जातात, रक्त चढवावं लागतं, इंजेक्शनच्या जागी पोटावर तांबडे चट्टे येतात. दुसऱ्या सायकलीनंतर निकाल लावणं म्हणजे पेरणीनंतर पंधराव्या दिवशी शिवारात कणसं शोधत फिरणं. सहा झाल्यावरही काही हललं नाही, तर डॉक्टरांशी बसून थांबण्याचा विचार करणं रास्त आहे आणि तो आप्पांचा हक्क आहे. पण आज नाही.

एक कटू गोष्टही लपवत नाही. हे औषध आजार सहसा मुळातून उपटत नाही. ते त्याला रोखून धरतं, रक्त चढवण्याच्या खेपा कमी करतं, आयुष्य वाढवतं. मुळातून जायचं तर बोन मॅरो ट्रान्सप्लांट, आणि ६६ व्या वर्षी ते झेपेल का, हे त्यांचं हृदय, किडनी पाहूनच ठरतं. पुढच्या भेटीत हा प्रश्न तोंड उघडून विचार. डॉक्टर आपणहून काढतील याची वाट पाहू नकोस.

तोवर घरात थर्मामीटर ठेव. १००.४ च्या वर ताप गेला की रात्रीचे दोन वाजले असले तरी त्याच घडीला हॉस्पिटल गाठायचं. पांढऱ्या पेशी कमी असताना पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघत बसलेली घरं मी पाहिली आहेत. त्या सकाळी फार वाईट होत्या. प्लेटलेट कमी असताना अंगदुखीला अ‍ॅस्पिरिन किंवा ब्रुफेन देऊ नकोस.

पावडर आजच बंद कर, पण डबी टाकू नकोस. ती डॉक्टरांना दाखव. अशा डब्यांत कधी शिसं असतं, कधी आर्सेनिक, आणि दोन्ही मॅरोला घातक. नुसतं जस्त जास्त गेलं तरी शरीरातलं तांबं घटतं आणि मॅरोचं चित्र थेट एमडीएससारखं दिसतं. आधीच पोळलेल्या मॅरोवर हा निखारा कशाला? पावडर विकणारे एपिजेनेटिक्सचं नाव का घेतात, तेही समजून घे. नोंदी पुसता येतात एवढं खरं आहे आणि त्याच खऱ्याच्या आडून ते खोटं विकतात. टेट विकरांना काम करायला लोह आणि क जीवनसत्त्व लागतं, हेही खरं. २०१७ मध्ये उंदरांवर दिसलं की क जीवनसत्त्व भरपूर मिळालं तर टेट-२ ची उणीव काही अंशी भरून निघते. पण माणसांत ते या आजाराचं औषध ठरलेलं नाही, आणि मोठ्या मात्रेने मुतखडा होतो. आप्पांना आवळा, पेरू आवडत असेल तर स्वच्छ धुऊन खाऊ दे. फळ म्हणून.

आता विडीचं. विडी-सिगारेटच्या धुराने एमडीएसचा धोका वाढतो, धुरात बेंझीन असतं आणि ते मॅरोला बाधतं. हे मी आप्पांपासून लपवणार नाही, त्यांनाही खोटं आवडणार नाही. पण या आजाराचं सगळ्यांत मोठं कारण वय आहे, आणि जन्मात विडी न शिवलेल्या बायकांच्या कितीतरी काचांवर मी हेच निदान लिहिलं आहे. निपाणीत तंबाखूवर घरं उभी राहिली, पोरं शिकली. १९८१ साली त्याच तंबाखूच्या भावासाठी शेतकरी हायवेवर ठाण मांडून बसले होते. त्या गावात पंचविशीच्या आत वखारीत लागलेल्या पोराने हातात विडी धरली, तर तिचा जाब म्हातारपणी आजारी अंथरुणावर त्याच्याकडे मागायचा नसतो. तुझा भाऊ ओढत असेल तर मात्र त्याला गाठ. ओढणाऱ्यांच्या रक्तात एएचआरआर नावाच्या जनुकावरची मिथाइलची नोंद ठळकपणे घटलेली सापडते, आणि विडी सोडल्यावर वर्षागणिक ती बरीचशी मूळ पदावर येते. त्याच्या हातात अजून वेळ आहे.

खर्चाचं तू लिहिलं नाहीस, पण अंदाज येतो. बीपीएल कार्ड असेल तर आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. या इंजेक्शनाचं पॅकेज त्यात बसतं का, ते हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला विचार. महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जन आरोग्य योजना देण्याचा निर्णय घेतला होता. कोल्हापूर तुम्हाला बेळगावपेक्षा जवळ, म्हणून तिथेही चौकशी कर, पण आधी कर्नाटकचं कार्ड धरून चाल. आणि सात दिवस एसटीने जा-ये करून आप्पा दमत असतील तर मध्ये शनिवार-रविवार सोडून पाच आणि दोन असे दिवस पाडून देतात, ते विचार. औषध घरी आणून गावच्या डॉक्टरांकडून टोचून घेण्याच्या भानगडीत पडू नकोस. एकदा पाण्यात कालवलं की ते फार थोडा वेळ टिकतं.

राहिली गडहिंग्लजची मंडळी. पुढच्या भेटीत डॉक्टरांकडून त्यांच्या लेटरहेडवर दोन ओळी लिहून घे : हे बदल रक्तपेशींत नंतर झालेले आहेत, आनुवंशिक नाहीत, मुलांची तपासणी आवश्यक नाही. तुझ्या डॉक्टरांना वेळ मिळाला नाही, तर हे पत्र त्यांच्यापुढे ठेव. आणि जमलं तर त्या मुलालाच तिसऱ्या सायकलीच्या एखाद्या दिवशी बेळगावला बोलाव. आप्पांच्या शेजारच्या खुर्चीवर बसून त्याला जे विचारायचं ते डॉक्टरांना समोरासमोर विचारू दे. तो येतो की येत नाही, एवढं मला कळव.